शेवटून पहिले : नाना फोरमनचं फुटबॉल मंडळ

उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत फुटबॉल समजणारा माझ्यासारखा दुसरा माणूस झाला नाही! हे मी कुठेही, कुणाहीसमोर छातीठोक सांगतो. आता ऑफसाइड म्हणजे काय ते कळायला मला नऊ वर्षं लागली, आणि तेही आमच्या गोलकीपरनं समजावलं, म्हणजे अजून चुकीचंच कळलं असणार, ही गोष्ट वेगळी.

जिंकणाऱ्या टीमकडे कप असतात. आमच्यासारख्या हरणाऱ्या टीमकडे किस्से. कप कपाटात ठेवून कुलूप लावता येतं, किश्श्यांचं तसं नाही. एक काढला की त्याच्या शेपटाला धरून दुसरा येतो. माझी बायको म्हणते, "तुमच्या मंडळाला गोल सोडून सगळं सुचायचं." खोटं नाही.

तर आमचं 'नवतरुण मंडळ', बुवापाडा, अंबरनाथ. ऐंशी सालानंतरची गोष्ट. नवतरुणांमधला सेंटर फॉरवर्ड सदा दोन पोरांचा बाप होता. मी खेळाडू नव्हतो. सातवीत शाळेनं मला सोडलं होतं (मी सोडली नाही, लोक उगाच बोलतात), तेव्हापासून गावभर खोड्या करत फिरत होतो. मंडळात माझ्याकडे तेलाचा रिकामा डबा होता, एक काठी होती आणि घसा होता. पोस्ट : सपोर्टर!

मॅनेजर होते नाना तावडे, कारखान्यातले फोरमन. जन्मात बॉलला पाय लावलेला नाही. पण मंडळ त्यांनीच काढलं, त्यांनीच वाढवलं. वाढवलं म्हणजे, लीगमध्ये आठ टीम होत्या, आम्ही आठवे. लागोपाठ दोन सीझन आठवे! आणि लीगचा नियम असा, की तीन वेळा शेवटचा नंबर आला तर मंडळाचं नाव कट आणि मैदानावरची सरावाची वेळही दुसऱ्याला.

तिसरा सीझन सुरू झाला आणि त्याच वर्षी नाना रिटायर होणार होते. एकदा पाण्याच्या टाकीजवळ मला म्हणाले, "गज्या, कारखाना सुटणारच आहे. हे पण सुटलं तर संध्याकाळी मी जाऊ कुठे रे? माझ्या हातात चालवायला दुसरं काही नाही."

मी एरवी कुणालाही टोपी घालायचो. त्या दिवशी नानांची सायकल धरून गेटपर्यंत चालत गेलो. एवढं डोक्यात ठेवा आणि पुढचं ऐका.

* * *

नानांचा सिद्धांत एकच : "माणूस आणि मशीन सारखंच. बिघाड आधी आवाजात कळतो."

कारखान्यात मशीनचं बेअरिंग गेलंय का बघायला फोरमन लोक स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला लावतात आणि मूठ कानाला. आतली खरखर बरोबर ऐकू येते. नाना हेच आमच्या लोकांच्या गुडघ्यांना करायचे! मॅचच्या आधी अकरा जण लाइनीत उभे, चड्ड्या वर, आणि नाना एकेकाच्या गुडघ्याला स्क्रूड्रायव्हर लावून डोळे मिटून ऐकतायत.

"पाय हलव. अजून हलव. हं... डावं जरा कोरडं वाजतंय. ह्याला हाफ टाइमनंतर काढा."

समोरच्या टीमला वाटायचं ही काहीतरी पूजा आहे. एकदा उल्हासनगरच्या टीमचा कॅप्टन कुतूहलानं जवळ आला. मी गंभीर तोंड करून म्हटलं, "आमचे स्पेशालिस्ट आहेत. घ्या दाखवून."

बिचाऱ्यानं पाय पुढे केला. नानांनी एक मिनिटभर ऐकलं, स्क्रूड्रायव्हर खिशात घातला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाळा, घरी कुणी आहे का सोबत?"

तो कॅप्टन पूर्ण मॅच लंगडत खेळला! तरी पण दोन गोल मारून गेला, काय करणार?

* * *

नानांना कुणीतरी सांगितलं की फुटबॉलला मांड्यांत ताकद लागते. नानांनी आठवडाभर विचार केला आणि अख्खी टीम पालेगावला आपल्या आत्याच्या शेतावर नेली. भाताची आवणी, म्हणजे लावणी, तोंडावर आलेली, शेतात गुडघाभर चिखल.

"जो चिखलात पळेल, तो मैदानावर उडेल!" नाना बांधावर छत्री धरून ओरडले.

टीम पळाली. म्हणजे पहिल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी आत्या बांधावर आली, नऊवारीचा काष्टा मारलेला, हातात भाताच्या रोपांच्या जुड्या. म्हणाली, "नुसतं काय पलताव? जाता जाता येकयेक रोप लावत जा की!"

नानांनाही पटलं. "कमरेला व्यायाम," म्हणाले.

चार दिवसांत अकरा जणांनी आत्याचं सगळं शेत लावून दिलं. मी डबा वाजवून ताल धरला. पाचव्या दिवशी मॅच. पाच-शून्य हरलो. सदा सांगत होता, "नाना, कंबरच सरळ होत नाही! बॉल डोक्यावरून गेला तो मला दिसलाच नाही, मला फक्त गवत दिसत होतं."

नाना खचले. तेवढ्यात पालेगावहून आत्याचा निरोप आला : "पोरा गुनाची हायत. कापनीला कंदी धाडतोस?"

* * *

आता भोंग्याचं ऐका.

नानांचा सराव भोंग्यावर चालायचा. साडेचारला पाळी सुटल्याचा भोंगा झाला की सराव सुरू, साडेपाचला ओव्हरटाइमवाल्यांचा भोंगा झाला की बंद. बॉल हवेत असला तरी बंद! "शिस्त म्हणजे शिस्त. भोंग्यानंतर जो हत्याराला हात लावेल तो अपघाताला बोलावेल."

एका शनिवारी मॅच उशिरा सुरू झाली. साडेपाचला दोन-चार मिनिटं होती. एक-एक बरोबरी, आणि देवाच्या कृपेनं सदा बॉल घेऊन सुटला. समोरचा गोलकीपर घसरून पडलेला. समोर रिकामा गोल! मी डबा फुटेस्तोवर बडवत होतो. सदानं पाय मागे घेतला...

आणि भोंगा झाला.

सदा थांबला! पाय हळूच खाली ठेवला. शर्टाच्या टोकानं तोंड पुसलं. मागे बघतो तर आमची सगळी टीम थांबलेली. एक जण बुटाची नाडी सोडत होता. समोरच्यांनी बॉल उचलला, आरामात चालत चालत नेला आणि आमच्या गोलमध्ये ठेवून दिला.

रेफरी धावत आला. "अरे, खेळत का नाही तुम्ही?"

सदा म्हणाला, "साहेब, सुटी झाली ना."

मी चिडून नानांकडे वळलो, की आता बघा तुमच्या शिस्तीचे प्रताप! नाना जागेवर नव्हते. स्टँडवरून सायकल काढून, टोपी घालून, ते गेटपर्यंत पोचले होते.

* * *

आमचा गोलकीपर परसू. परसराम. उल्हासनगरच्या कॅम्पातला सिंधी, कापडाच्या दुकानात कामाला. नाना एकदा तिथे शर्टपीस घ्यायला गेले. माळ्यावरचा माणूस वरून कापडाचे तागे खाली टाकत होता आणि परसू गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, वर न बघता, एका हातानं झेलत होता. नाना शर्टपीस विसरले आणि गोलकीपर घेऊन आले.

झेलायला परसू एक नंबर. कुठूनही बॉल मारा, ह्याच्या छातीशी. फक्त सवय दुकानातली. झेललं की समोर मागणाऱ्याकडे टाकायचं.

ही गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि मला राहवेना. सरावात मी आवाज बदलून ओरडायचो, "भाईसाब, जरा इधर दिखाना!" की परसूनं बॉल टाकलाच माझ्याकडे. आम्ही हसून लोळायचो.

पाप फिरून येतं म्हणतात. एका मॅचला समोरच्या टीममधल्या एकानं हे ऐकून ठेवलेलं होतं. परसूनं झकास बॉल अडवला, छातीशी धरला, आणि तो गडी गोलसमोर उभा राहून अगदी गरिबाच्या आवाजात म्हणाला, "भाईसाब, इधर दिखाना."

परसूनं दोन्ही हातांनी, अदबीनं, बॉल त्याला दिला. गोल!

मी डब्यामागे तोंड लपवलं. नाना धावत गेले. "परसू! दिलास कशाला?"

परसू शांत. "साईं, गिराईक को ना नहीं बोलते."

* * *

हा किस्सा हसायचा नाही, पण माझा आहे, म्हणून सांगणार.

तिसऱ्या सीझनच्या मधोमध मी पाय मोडून घेतला. खेळताना नाही, भिंतीवरून उडी मारताना. भिंतीच्या पलीकडे कुणाचा आंबा होता ते विचारू नका. दीड महिना प्लास्टर. घरात पडून. माझ्यासारख्याला घरात पडून राहणं म्हणजे माशाला पाटावर बसवल्यासारखं.

तिसऱ्या दिवशी साडेचारचा भोंगा झाला आणि थोड्या वेळानं खिडकीबाहेर धाडधाड पावलं वाजली. बघतो तर आमची टीम, एका मागे एक, गल्लीतून पळत चाललीये. प्रत्येक जण खिडकीशी आला की, "काय गज्या?" "कसा आहेस लंगड्या?" "आंबा गोड होता का रे?" शेवटी सायकलवर नाना. त्यांनी नुसती घंटी वाजवली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. त्याच्या पुढच्या दिवशी पुन्हा. प्लास्टर निघेपर्यंत एक दिवस चुकला नाही. आई तर चार वाजल्यापासून गुळाचा खडा आणि पाणी घेऊन दारात बसायची.

बरा झाल्यावर मी नानांना छेडलं. "काय नाना, माझ्याशिवाय करमत नव्हतं वाटतं? रोज दाराशी यायचात!"

नाना खेकसले, "तुझ्यासाठी कशाला येतोय? तुमच्या गल्लीला चढ आहे. चढावर दम वाढतो."

मंडळी, बुवापाड्यातली आमची गल्ली ताटासारखी सपाट आहे. गोटी ठेवली तर हलत नाही. पाया पडण्याची आमच्यात पद्धत नव्हती, म्हणून दुसऱ्या दिवशी नवा डबा आणला आणि डबल जोरानं वाजवला.

* * *

आता शेवटची मॅच.

हिशेब सोपा होता. बरोबरी झाली तर आम्ही सातवे, वाचलो. हरलो तर आठवे, मंडळ खलास. समोर बदलापूरजवळच्या सोनिवलीची टीम. सगळे शेतकरी गडी, पोटऱ्या अशा की आमचे नाना स्क्रूड्रायव्हर लावायलाही घाबरतील. त्यांचा नंबर आधीच पक्का होता, त्यांना हार-जितीनं फरक पडणार नव्हता.

कसं झालं देव जाणे, पण शून्य-शून्य चाललं. परसू माकडासारखा इकडून तिकडे उड्या मारत होता. सदा पुढे जायचं सोडून मागे येऊन आडवा पडत होता. मी इतका ओरडलो की घशातून नुसती हवा यायला लागली. शेवटची पाच मिनिटं उरली, आणि आमच्याच माणसाच्या हाताला बॉल लागला. अगदी गोलसमोर.

पेनल्टी!

मारणार सोनिवलीचा जनूदादा. पहाटे गाई-म्हशींचं दूध काढायचं, सायकलला कॅन लावून बदलापुरात घालायचं आणि दुपारी शेत बघायचं, असा माणूस. बोलायला गाय, पण डावा पाय म्हणजे घण. पेनल्टी कधी चुकली आहे असं कुणाला आठवत नव्हतं.

नानांनी टोपी काढली. मैदानाकडे पाठ केली आणि बॉलच्या पिशवीवर खाली बसले. नुसती पाठ दिसत होती, पांढऱ्या शर्टाची, जरा वाकलेली. आयुष्यभर मशीनला कान लावलेला माणूस, त्या दिवशी दोन्ही कानांवर हात ठेवून बसला होता.

मी गोलच्या मागे होतो. डबा काखेत मारला.

जनूदादानं बॉल ठेवला. परसूकडे बघितलं. मग परसूच्या पलीकडे बघितलं, जिथे नाना बसले होते. जरा जास्तच वेळ बघितलं. धावत आला, आणि डाव्या पायानं असा मारला, असा मारला की बॉल गोलवरून, माझ्यावरून, कुंपणावरून पार पलीकडच्या बाभळीत!

शून्य-शून्य. शिट्टी. आम्ही सातवे!

नानांनी पाठमोरंच विचारलं, "काय झालं रे गज्या?"

घसा बसलेला, तरी मी सांगितलं, "वाचलो नाना! मंडळ वाचलं!"

ते उठले, एकेकाकडे गेले, प्रत्येकाचा हात दोन्ही हातांत धरला. सोनिवलीवाल्यांचेही हात धरले. जनूदादाचा हात जरा उशिरा सोडला.

मला मात्र रात्रभर चैन नाही. सकाळी उठलो, सायकल काढली आणि तडक बदलापूर गाठलं. जनूदादा एका चाळीच्या दारात कॅनमधून दूध मापत होता. मी आभार मानायला गेलो होतो, आईशपथ! पण माझं तोंड म्हणजे काय, सरळ चालेल तर ते माझं कसलं? मी सायकलवर बसल्या बसल्याच म्हटलं,

"काय जनूदादा, बघितलास ना काल आमच्या टीमचा दरारा? भल्याभल्यांचे पाय लटपटतात आमच्यासमोर!"

जनूदादानं माप भरलं, पातेल्यात ओतलं, वरून थोडं वाढीव घातलं. कॅनचं झाकण लावलं आणि माझ्याकडे बघून म्हणाला,

"अरं गज्या, तुमी लीगमधनं गेलं असतं, तर आमी जिकायचं कुनाशी?"