उताऱ्यातलं दार

वाऱ्याने वर्गाचं दार धाडकन आपटलं. इंग्रजीची चाचणी सोडवत बसलेल्या सगळ्या बायकांनी दचकून दाराकडे पाहिलं. एकट्या शोभाताईंनी मान खाली घातली आणि दोन्ही हात डोक्यावर धरले. मग ओशाळं हसून पदर सारखा केला, पेन उचललं.

समोर वाचनाचा उतारा होता. संध्याकाळी दार वाजतं, बाबा आले म्हणून मुलं पळत सुटतात. खाली प्रश्न होता, मुलं का पळाली? वेळ संपल्यावर मी तिथंच पेपर तपासायला घेतले. बाकीच्या बायकांनी लिहिलं, बाबांना मिठी मारायला. शोभाताईंनी लिहिलं होतं, लपायला. इंग्रजीत, एकही चूक न करता.

उत्तर उताऱ्यातच असतं, मनाचं काही लिहू नका, असं मी नेहमी बजावते. पण हे उतारे लिहितं तरी कोण? त्यांतले बाप कायम खाऊ घेऊन येतात. कंबरेचा पट्टा सोडत एकही येत नाही. तपासता तपासता माझं लाल पेन कागदात घुसलं. नेमकं ‘फादर’वर भोक पडलं.

"शोभाताई, उताऱ्यात असं कुठं म्हटलंय?" मी हळूच विचारलं.

त्यांनी उताऱ्याच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"मॅडम, दार वाजलंय ना त्यात?"