कोरड्या डोळ्यांचे मास्तर

हट्टी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण एका इंग्रजी विशेषणापायी स्वतःच्या डोळ्यांशी पैज लावणारा माणूस एकच. पारनेरला मी गणित शिकवायचो, तेव्हा हे मास्तर पलीकडच्या वर्गावर इंग्रजी शिकवत. जो शब्द आपण भोगला नाही तो पोरांना द्यायचा नाही, असा त्यांचा नेम. ‘बेअरफुट’ शिकवायचा म्हणून भर चैत्रात राळेगणसिद्धीपर्यंत अनवाणी गेले आणि पुढचा आठवडा खुर्चीवर पाय घेऊन शिकवत राहिले. वर पोरांना म्हणतात, "तुम्हाला कळला की नाही ठाऊक नाही, मला अर्थ कळला!"

त्रेचाळीस साली त्यांची गाठ ‘ड्राय-आईड’शी पडली. अर्थ सोपा, कोरड्या डोळ्यांचा. पण एका पोरानं तो उन्हाळ्यातल्या विहिरीला लावला आणि मास्तर भडकले. "विहिरीला कुठलं आलंय दुःख? जिथं सगळे रडतात, तिथं रडण्याचं सर्वांत मोठं कारण असूनही जो रडत नाही, तो ड्राय-आईड! माघातल्या पंचमीला दाखवतो." पंचमीला त्यांच्या कुसुमचं लग्न होतं. बायको लवकर गेली, पोरीच्या वेण्या घालण्यापासून सगळं यांनीच केलेलं. ती खर्ड्याला नांदायला गेली की घरात हे एकटे. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, "मास्तर, हा एक शब्द सोडा." पण ऐकतील तर मास्तर कसले! रोज ढीगभर कांदे चिरून त्यांचा सराव सुरू झाला.

पाठवणीला सारी आळी रडली. सनईवाल्यालासुद्धा फुंकर जमेना. शेजारची सखूबाई पदराआडून म्हणाली, "मास्तर, रडा की वाईच. मन हलकं हुतं."

"न्हाई!" मास्तर तिच्याच बोलीत गरजले आणि जबडा आवळून उभे राहिले. त्यांचे विद्यार्थी ओळीनं बघत होते.

कुसुम नमस्कार करून उठली. तिचे डोळे लख्ख कोरडे होते. शेवटी त्यांचीच लेक! त्यांच्या उपरण्याचं टोक त्यांच्याच हातात देत ती हळूच म्हणाली, "अण्णा, पोरांना उदाहरण मी दाखवलं. आता तुम्ही रडा."

मास्तर जे रडू लागले, ते गाडी वेशीबाहेर गेली तरी थांबेनात. एकही पोर हसलं नाही.

सोमवारी मी मुद्दाम त्यांच्या वर्गाच्या दाराशी रेंगाळलो. त्या विशेषणाचं काय झालं, असं एकानं विचारलंच. मास्तरांनी फळा पुसला.

"ते सासरी गेलं," म्हणाले. "पुढचं पान काढा."