लाल दार

ॲरिझोनातल्या आमच्या वसाहतीत एकशे चाळीस घरं, आणि सगळ्यांची दारं मातकट. नियमच तसा. नियम मोडणाऱ्यांना समितीच्या नोटिसा द्यायचं काम अकरा वर्षं अर्लीन स्ट्राउडनं केलं. गवत बोटभर वाढलं तरी बाई दारात हजर!

मग तिचा नवरा वेंडेल घर विसरायला लागला. फिरून आला की भलत्याच कुलपात किल्ली खुपसायचा. अर्लीननं आपलं दार लालभडक रंगवलं. त्यानंतर तो एकदाही चुकला नाही.

बैठकीत अध्यक्ष म्हणाला, "काय हो बाई, नियम फक्त आम्हालाच का?"

"त्याला तेवढंच ओळखू येतं हो," ती म्हणाली.

"आज तुम्हाला लाल, उद्या कुणी जांभळं मागेल!" हे मी बोललो. दीडशहाणा मेला! लाल दाराविरुद्ध सगळ्यांनी हात वर केले.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच दार पुन्हा मातकट केलं.

जुलैतल्या एका रणरणत्या दुपारी ती आंघोळीला गेली आणि वेंडेल बाहेर पडला. माझ्या कुलपात किल्ली खुडबुडली. म्हातारा असेल, जाईल पुढे, म्हणून मी टीव्हीसमोरून उठलो नाही.

तो पुढे सात दारं गेला. सातव्या दारात, उन्हात मरून पडलेला सापडला.

आठवं त्याचं होतं.