उसवलेले अठरा स्वेटर

समोरच्या माणसाने स्वेटर घातलेला असला, की मावशी आधी त्याच्या तोंडाकडे बघत नसत. दोन बोटांत स्वेटरची कड धरायची, उलटी करायची, शिवणीवरून नख फिरवायचं आणि निकाल द्यायचा, "निघंल." नाहीतर, "नाय निघायचा. कापून शिवलाय." मग वर बघून विचारायचं, "बरे हाव ना?" हा निकाल त्यांनी पोस्टमनला दिला, मुलींना तपासायला आलेल्या डॉक्टरांना दिला आणि एकदा आमच्या संस्थेच्या सचिवांनाही दिला. सचिवांचा स्वेटर निघणाऱ्यातला होता. ते दोन पावलं मागे सरकले.

निघेल म्हणजे उसवला तर धागा अखंड हाती लागेल. काही स्वेटर कापडासारखे कापून शिवलेले असतात. ते उसवले की नुसते वीतभर तुकडे पडतात. हे मला मावशींनीच शिकवलं. मी शेणव्याजवळच्या एका मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षिका होते आणि मावशी तिथे स्वयंपाक करायच्या. त्यांना नाव होतं, पण ते हजेरीच्या वहीपुरतं. धसईच्या पुढचं एक गाव त्यांचं. भाताची थोडी शेती मुलाकडे, नवरा कधीच गेलेला. महिन्यातून एकदा मुरबाडमार्गे एसटीने घरी जायच्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या भाताला हजर व्हायच्या.

विणकाम त्या लहानपणी शिकल्या होत्या. आई मुरबाडच्या दवाखान्यात पडून होती तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाईने वेळ जावा म्हणून शिकवलं होतं. त्या बाईने जाताना सुया बरोबर नेल्या, पण मावशींच्या हातांना लागलेली खोड काही तिला नेता आली नाही. नव्या लोकरीचा एकच गुंडा त्या वर्षाला विकत घ्यायच्या, दिवाळीला, शहापूरच्या बाजारातून, तोही लालच. बाकी सगळा कारभार जुन्यावर. सुया म्हणजे मोडक्या छत्रीच्या काड्या. पावसाळा सरला की वसतिगृहातल्या मेलेल्या छत्र्या त्यांच्याकडे जमा व्हायच्या. काडीचं टोक पाट्याच्या कडेवर घासून गुळगुळीत करायचं, दुसऱ्या टोकाला टाके गळू नयेत म्हणून तुटक्या चपलेचा रबराचा तुकडा खोचायचा. मी एकदा म्हटलं, "मावशी, मी आणून देते की चांगल्या सुया." त्या म्हणाल्या, "नको गो बाई. मंग हिला काय वाटंल?" ही म्हणजे काडी.

उसवलेली लोकर कुरळी असते, ती सरळ करावी लागते. मावशी ती खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी करायच्या आणि भाताच्या वाफेवर धरायच्या. साहजिकच आमच्या जेवणात कधी हिरवा तंतू निघे, कधी पिवळा. मी रागावले की म्हणायच्या, "केस तर नाय ना निघाला?" यावर अधीक्षिकेने काय बोलावं, ते कुठल्याच नियमावलीत नव्हतं.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्याजवळ काहीच नसतं आणि तरी त्यांचे हात कधी रिकामे दिसत नाहीत. आपण त्यांचं कौतुक करतो, हसतो, त्यांच्या गमती चारचौघांत सांगतो. त्यापुढे आपण त्यांचं काही देणं लागत असू, असं आपल्याला वाटतही नाही. मला तरी वाटलं नव्हतं.

एका वर्षी थंडीच्या तोंडावर मुंबईच्या एका गृहस्थांनी सगळ्या मुलींसाठी स्वेटर पाठवले. निळे, नवे कोरे, उबदार. फक्त सगळे एकाच मापाचे. मोठ्या मुलींना ते छान बसले. लहान मुलींचं मात्र हसं झालं. उंबरमाळीकडच्या डोंगरातून आलेली पहिलीतली एक मुलगी स्वेटर घालून उभी राहिली, तर तो तिच्या घोट्यांना लागत होता आणि हात कुठे आहेत ते शोधावं लागत होतं. ती चालताना पडली. मग थंडी परवडली म्हणून तिने तो काढून ठेवला. अशा अठरा जणी होत्या.

मावशींनी कड उलटी केली, नख फिरवलं. "निघंल, बाई. अख्खा निघंल." मग म्हणाल्या, "उसवू का? मापाचे करून देते."

मी रजिस्टर लिहीत होते. मी म्हटलं, "उसवा."

"न् ह्या टिकल्या?"

प्रत्येक स्वेटरच्या छातीवर एक गोल कापडी बिल्ला शिवलेला होता. त्यावर सोनेरी धाग्याने त्या गृहस्थांच्या दिवंगत वडिलांचं नाव भरलेलं होतं. मावशींना वाचता येत नव्हतं. मला येत होतं. मी मान वर न करता म्हटलं, "करा काय हवं ते."

पुढचे दोन महिने वसतिगृहाचं रूप पालटलं. दुपारी भांडी झाली की लहान मुली दोन्ही हात पुढे करून ओळीने बसायच्या आणि त्यांच्या हातांवर निळ्या लडी चढायच्या. मोठ्या मुली सुलट-उलट टाके शिकल्या. बाह्या त्या विणू लागल्या. एरवी गणिताच्या नावाने रडणारी आठवीतली मुलगी टाके बिनचूक मोजायला लागली. मावशी पाठ नि पोट विणायच्या आणि गळ्याशी दिवाळीच्या लाल गुंड्याची पट्टी घालायच्या. एकाला पुरणारा तो गुंडा त्यांनी अठरा गळ्यांना पुरवला. पट्टी जेमतेम दोन ओळींची व्हायची, पण प्रत्येकीला हवी असायची.

मोठ्या स्वेटरचे लहान झाले म्हणजे लोकर उरणारच. ती मावशी गुंडे करून माझ्याकडे आणून द्यायच्या. "तुमच्यापाशी ठेवा, बाई. माज्याकडं नको. कोन काय बोलंल." मी ते गुंडे माझ्या कपाटात ठेवले. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला असायची.

आणि बिल्ले? मावशींनी ते एकावर एक रचून, चारी बाजूंनी टाके घालून गरम टोप उतरवायला दोन जाड फडकी केली होती. मी पाहिली ती. एका थोर गृहस्थाचं नाव डाळीच्या टोपाला चिकटलेलं पाहून मला हसू आवरेना. मावशीही हसल्या. मी का हसतेय ते मात्र मी त्यांना सांगितलं नाही. त्यांच्या अडाणीपणाची गंमत मला एकटीलाच ठेवायची होती.

जानेवारी संपता संपता ते गृहस्थ आले. वडिलांचा स्मृतिदिन होता. मुलींसोबत फोटो काढायचे होते. सचिव बरोबर होते. लहान मुली पुढे उभ्या राहिल्या, अंगाबरोबर बसलेल्या स्वेटरांत, लाल गळ्यांच्या. गृहस्थ आधी कौतुकाने हसले. मग त्यांनी छातीकडे पाहिलं. "यांच्यावरचं नाव कुठे गेलं?" मी म्हटलं, "आधी जेवून घेऊ या." तेवढ्या वेळात काही सुचेल असं मला वाटलं. पण ते स्वयंपाकघर बघायला आत गेले आणि त्यांच्या डोळ्यांसमोर मावशींनी ती दोन फडकी घेऊन डाळीचा टोप चुलीवरून उतरवला.

गृहस्थ ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. काजळी लागलेलं एक फडकं हातात घेऊन ते म्हणाले, "हे माझ्या वडिलांचं नाव आहे."

मावशींचा चेहरा उजळला. "मंग चांगलंच की, दादा. रोज हातात असतंय माज्या."

त्या मनापासून बोलल्या होत्या. पण ऐकणाऱ्याचा बाप गेलेला होता. त्यांचे डोळे भरून आले आणि ते न जेवता गाडीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सचिवांनी आधी मला बोलावलं. मावशी बाहेर बाकावर बसल्या होत्या, डोक्यावर पदर घेऊन. मी आत जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत भीती नव्हती. बाई आत चालल्यात म्हणजे झालं, असंच त्यांना वाटलं असणार.

माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. कागद याच सचिवांच्या टेबलावर होता. हे मी कारण म्हणून सांगत नाही; काय होतं ते सांगते आहे.

त्यांनी विचारलं, "तुम्ही परवानगी दिली होती?"

मी म्हटलं, "मला याची कल्पना नव्हती."

"आणि उरलेली लोकर? घरी नेली असेल तिने?"

किल्ली माझ्या कमरेला होती. मी म्हटलं, "असेल."

मग मावशी आत गेल्या आणि लवकरच बाहेर आल्या. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी आपली पिशवी भरली, विरजणाला झाकण घातलं, नव्या बाईसाठी तांदळाचं माप काढून ठेवलं. माझ्याशी फक्त एवढंच बोलल्या, "त्या बारकीची डावी बाही राह्यलीय, बाई. मोठ्या पोरींना सांगा." फाटकाशी मुली रडत होत्या. मी त्यांना अभ्यासाला बसवलं.

महिन्याभरात मी कायम झाले. कपाटातल्या गुंड्यांकडे मला बघवेना. मुलींना द्यावे तर कुठून आले ते सांगावं लागलं असतं. एका सकाळी सगळ्या उठायच्या आत मी ते पाणी तापवायच्या बंबात घातले. लोकरीचा एक धागा वाया न घालवणाऱ्या बाईची लोकर मी अशी संपवली. धूर डोळ्यांत गेला, तसे डोळे चुरचुरले. त्याला रडणं म्हणायचं धाडस मी करणार नाही.

निवृत्त झाले आणि पहिलं काम ठरवलं: मावशींच्या घरी जायचं, पाय धरायचे, खरं सांगायचं. एसटीत बसून वाक्यं जुळवत होते. धसईला उतरून विचारत विचारत पोचले. ओटीवर मावशी भात पाखडत बसल्या होत्या. मला बघताच सूप बाजूला ठेवलं. "आगो, बाई आल्या! आमच्या बाई आल्या!"

मी म्हटलं, "मावशी, मला तुमच्याशी एक बोलायचंय."

"बोला ओ, आधी बसा तर खरं." त्यांनी सुनेला हाक मारली. "ये गो, बघ. याच त्या. मी सांगत व्हते ना, मला चोर म्हनून पोलिसात देनार व्हते? तवा या आत गेल्या न् माज्यासाठी बोलल्या. म्हनून सुटले मी."

पोलिसांचं कोणीच काही म्हणालं नव्हतं, निदान माझ्यासमोर नाही. मावशी खाली मान घालून माझ्या हातावर हात फिरवत होत्या. मग आवाज बारीक करून, सुनेला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या, "मला इचारलं त्यांनी, उसवायला कोनी सांगितलं. मी तुमचा नाव नाय घेतला, बाई. म्हटलं, येकीची गेली ती बास."

सुनेने चहा आणला. मी चहा प्यायले. बशीत ओतून, फुंकून, शेवटच्या घोटापर्यंत प्यायले, म्हणजे बोलायला नको. निघताना त्यांनी तांदूळ बांधून दिले आणि मी ते घेतले.

पुन्हा जाऊ, पुढच्या वेळी सांगू, असं म्हणता म्हणता दोन वर्षं गेली. मग मुलाचा फोन आला. आई गेली म्हणाला. तुमचं नाव काढत होती, म्हणाला.

दहाव्या दिवशी गेले. घर बायांनी भरलेलं होतं. मी दाराशीच, चपलांजवळ बसायला लागले. तेवढ्यात सुनेने मला पाहिलं आणि रडत रडत सगळ्यांना सांगितलं, "या त्या बाई. आमच्या आत्यांसाठी सायबापुढं बोललेल्या." बायांचं रडणं क्षणभर थांबलं. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. एक म्हातारी हात टेकत उठली, तिने आपली सतरंजी झटकून घातली आणि बाकीच्या आवरून सावरून मागे सरकल्या. मला आत, भिंतीशी, मावशींच्या लेकीशेजारी जागा झाली.

मी तिथे जाऊन बसले.