मुलीचा कबजा

वकिलीच्या सहाव्या वर्षी मी माझ्या सख्ख्या थोरल्या भावाचा हेवा करू लागलो. त्याच्याकडे चौथीपर्यंतचं शिक्षण, काजूचा एक उतार आणि दोन म्हशी होत्या. माझ्याकडे डिचोलीत बिऱ्हाड, दारावर पाटी आणि मामलेदाराच्या कचेरीत चालू असलेले एकशे बारा दावे होते. हेवा त्याने माझा करायला हवा होता.

माझ्या हेव्याचं कारण माझी मुलगी होती, तेव्हा सात वर्षांची. बायको कोरगावच्या प्राथमिक शाळेत शिकवायची, म्हणून मायलेकी आमच्या गावच्या घरी दादाकडे राहत. दादाने लग्न केलं नव्हतं. मी दर शनिवारी जातो असं लोकांना सांगायचो. ते खरं नव्हतं. डायरी काढून मोजलं तेव्हा वर्षातल्या बावन्न शनिवारांपैकी मी सव्वीस शनिवारी गेलो होतो. बाकीच्या शनिवारी पक्षकारांना वेळ दिली होती. कोणी मला अडवून ठेवलं नव्हतं. कुळाचं किंवा मुंडकाराचं, म्हणजे मालकाच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं, काम म्हटलं की तालुक्यात पहिलं माझं नाव निघावं, असं मला वाटे, आणि ते निघू लागलं होतं.

मी सोप्यावर बसलो की मुलगी तांब्याभर पाणी आणून ठेवायची आणि विचारायची, "बाबा, चाय घेतलात?" पाहुण्याला विचारतात तसं. दादाला ती 'आबा' म्हणे आणि 'तू' म्हणून बोले. मला 'तुमी'. दोघं उतारावरून काजूचे बोंडू वेचून आली की तिचा फ्रॉक डागांनी भरलेला असे आणि दोघं कशावर तरी हसत असत. मी विचारलं तर सांगायची, "काय नाय, आबाची गजाल." ती गजाल मला कधी कळली नाही.

मे महिन्यात मी ठरवलं की हे पुरे. बायकोच्या बदलीचं बोलून ठेवलं, डिचोलीच्या शाळेचा अर्ज भरला आणि कोरगावला गेलो. दादा अंगणात काजूच्या बिया वाळत घालत होता. मी म्हटलं, "दादा, जूनपासून दोघींना डिचोलीला नेतो. शाळा चांगली आहे."

त्याने मान वर केली नाही. "तुझा चेडू. व्हर," मुलगी तुझी, घेऊन जा, एवढंच म्हणाला.

तो भांडला असता तर बरं झालं असतं. भांडणाऱ्याला कसं हरवायचं ते मला येत होतं.

आमच्या दाव्यांत मालकीच्या कागदावर सगळं ठरत नसे. जमीन खरोखर कसतो कोण, ते सिद्ध करावं लागे. त्यासाठी मी समोरच्याला साधे प्रश्न विचारायचो. पाणी कोणत्या कोपऱ्यातून शिरतं, कोणता बांध दर वर्षी फुटतो, शेजारच्या शेतात कोण असतो. कसणारा पटापट सांगतो, नुसता मालक चाचरतो. सर्वणच्या एका दाव्यात भाटकार, म्हणजे जमीनमालक, तिसऱ्याच प्रश्नाला आपल्या वकिलाकडे बघू लागला होता. ही हकिकत मी घरी दोनदा तरी सांगितली होती.

बायको चुलीपाशी होती. दादाशी झालेलं बोलणं तिने ऐकलं होतं. ती म्हणाली, "त्या भाटकाराक विचारलात, तसा तुमका विचारू?"

"विचार."

"सकाळी पोदेर पाव घेवन येता तेव्हा तुमचा चेडू काय मागता? उंडो काय पोळी?"

"उंडो."

"पोळी. उंडो आबाक लागता. शाळेत तिच्या वांगडा कोण बसता?"

मला माहीत नव्हतं.

"दात खंयचो पडलो?"

"वरचा."

"खालचो. दोन म्हयने झाले." मग म्हणाली, "ढग गडगडान विजो जाल्यो की ती खंय पळता, ता विचारूच नको मा?"

मी म्हटलं, "नको." ते मला माहीत होतं.

तीन प्रश्न, एकही उत्तर बरोबर नाही. प्रश्न मुद्दाम निवडले आहेत, असं म्हणावंसं वाटलं. पण मीही ते निवडूनच विचारत होतो.

"आमी येतलंव," ती म्हणाली. "पण थंय तुमी आसतलात?"

डिचोलीत मी रात्री नऊला बिऱ्हाडी परतत असे. सोमवारपासूनच्या तारखा डोळ्यांसमोर आल्या. तिला खोटं सांगता आलं असतं, पण नाही सांगितलं. शाळेचा अर्ज मी पिशवीतून बाहेर काढला नाही. दावेही कमी केले नाहीत. पुढच्या वर्षी ते एकशे चाळीसच्या वर गेले, आणि मला त्याचा आनंदही झाला.

सोमवारी सकाळी दादा मुलीला घेऊन मला बसपर्यंत सोडायला आला. ती त्याचं बोट धरून उभी होती.

"परत कधी येतलात?"

"शनिवारी."

तिने दादाचं बोट ओढलं. वर बघून विचारलं, "आबा, खरां?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मग होकाराची मान हलवली. तेव्हा ती म्हणाली, "बरां."

बसमध्ये बसल्यावर मी डायरी उघडली. त्या शनिवारी दोन पक्षकारांना बोलावलेलं होतं. मी गेलो नसतो तर ती माझ्यावर रागावली नसती. मान त्याने हलवली होती, तेव्हा रुसली असती ती त्याच्यावर. म्हापसा येईपर्यंत मी त्या रुसव्याचाही हेवा करत होतो. मग पेन काढलं आणि दोन्ही नावं खोडली.