येलदरीच्या वाटेवर पाहुण्यांचे पाणी

सुटीत तरी पाण्याकडे नुसते पाणी म्हणून पाहायचे, ही माझी मैत्रीण सुजाता हिची अट होती. रसायनशास्त्राच्या प्राध्यापिकेला ती जाचकच. पण येलदरीचे धरण पाहायचे होते, म्हणून मान्य केली.

परभणीहून जिंतूरपर्यंत एसटी मिळते, पुढे जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरण्याविषयीची चालकाची कल्पना माझ्याहून बरीच उदार होती.

सुजाताचे घर रस्त्यालगतच आहे. तिच्या सासूबाईंनी दारातच तांब्या पुढे केला. ‘जारचं हाय, हापशाचं न्हाई,’ त्यांनी बजावले. समोरच्या हापशावर लाल खूण होती: फ्लोराइड जास्त, पिऊ नये. हे पाणी नितळ दिसते, चवीला उत्तम लागते आणि उकळूनही सुधारत नाही. मी जारचे दोन पेले प्याले, शिवाय वाटेसाठी बाटली काठोकाठ भरून घेतली.

धरण निर्दोष. काठावरची तळलेली मासळी अवश्य खावी. सूर्यास्त किंचित अतिरंजित वाटला.

परतलो तेव्हा जार रिकामा होता आणि सुजाताची चार वर्षांची मनू हापशाचे पाणी पीत होती. थोरली प्रज्ञा माझ्या रापलेल्या नाकाला हसली आणि तिने लगेच तोंडावर हात धरला. दातांवर फ्लोराइडच्या तपकिरी रेघा होत्या. ‘नीट घासत नसावी’ हा माझा निकाल सकाळीच लागला होता. तो मी मुकाट्याने मागे घेतला.

‘जार पोरींसाठीच लावलाय,’ सुजाता हळूच म्हणाली. ‘मनूचे पक्के दात आत्ता हिरडीत तयार व्हायलेत. पण गाडी येते एक दिवसाआड, अन् पाहुणे रोज. आईंना कोण सांगणार?’

मी सांगितले. म्हणजे सासूबाईंकडे हापशाचेच पाणी मागितले. त्या हादरल्या. ‘पाहुण्याला हापशाचं? गाव काय म्हणंल मला?’

माझे दात केव्हाच येऊन चुकले आहेत, एखाद्या पेल्याने मला काही होत नाही, पण दात घडत असताना मनूने ते रोज पिणे वेगळे, असे मी व्याख्यान दिले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले, माझ्या पिशवीतली अर्धी उरलेली बाटली काढली आणि मनूच्या पेल्यात रिकामी केली. मग हापशाचा तांब्या माझ्यापुढे ठेवला. ‘घ्या. लय बोललात, घसा सुकला असंल.’

पुण्यात परतल्यावर धरण पुसट होत गेले. त्या तांब्याची चव मात्र आठवते. परवा सुजाताचा फोन आला. जार आता मनूच्या ताब्यात आहे. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ती आधी तोंड उघडायला लावते. दात दिसले की हापसा दाखवते. सासूबाई लाजेने पदर तोंडाला लावतात, पण तिला अडवत नाहीत.

गेल्या आठवड्यात त्यांचे ऐंशीचे, तोंडाचे संपूर्ण बोळके झालेले मामा आले होते. मनूने वाकून तपासणी केली आणि जारचा पेला भरून त्यांच्या हाती दिला.

‘यांचे यायचेत अजून.’