वीस लिटरचा जार आणि माझा खांदा

आधी काकूंचं सांगतो, मग अपघाताचं. काकू म्हणजे मारुंजीत मी ज्यांच्या खोलीत भाड्यानं राहतो त्या घरमालकीण. चार म्हशी, सहा खोल्या आणि तोंड फटकळ. मी हिंगोलीकडचा. आठवीत शाळा सोडली, फरशी बसवायला शिकलो आणि इकडं आलो. इथं रक्ताचं कुणी नाही. तरी माझ्या दाव्याच्या कागदांची पिशवी काकूंच्या कपाटात असायची, कारण माझ्या खोलीत उंदीर.

कासार आंबोलीच्या एका बंगल्यावरचं काम आटोपून दुचाकीवर परत येताना मागून कारनं उडवलं. उजवा खांदा मोडला, आत प्लेट घातली. कारचा विमा होता, त्यामुळं भरपाई विमा कंपनी देणार होती. पौडच्या वकिलांनी दावा टाकला. मला एकच धाकधूक होती. हात खांद्याच्या वर जात नव्हता, आणि बाथरूमच्या टाइल्स तर भिंतीला पार वरपर्यंत लावायच्या असतात. हे कंपनी धरेल का?

चार महिन्यांनी कंपनीचा तपासनीस खोलीवर आला. उन्हातून आलेला माणूस. आमच्याकडं दारात आलेल्याला आधी पाणी देतात, मग बोलतात. ग्लास भरायला मी वीस लिटरचा जार दोन्ही हातांनी उचलून तिरपा केला. कळ मस्तकात गेली, पण पाहुण्यासमोर तोंड वाकडं कसं करायचं?

"आता कसं वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"बरंय साहेब, देवाच्या कृपेनं."

त्यांनी मोबाइलवर जारासकट माझा फोटो काढला. मला वाटलं, चांगला माणूस आहे.

महिन्यानं तडजोडीचा आकडा आला. दवाखान्याची बिलं आणि वर थोडेसे. कारण लिहिलं होतं: अर्जदार जड वस्तू उचलतो, बरा असल्याचं स्वतः सांगतो.

काकू गोठ्यातून शेणाच्या हातानं तशाच आल्या. "आरं, त्यो काय सोयरीक घिऊन आला व्हता का, समदं चांगलंच दाखवाया?"

"पाणी तर द्यावं लागतं ना, काकू."

"मग मला हाक मारायची! त्यो गेल्यावर खांदा धरून भिताडाला टेकून बसला व्हतास, त्ये मी बघितलंय. त्ये कुनी लिवलं का?"

दुसऱ्या दिवशी दूध घालून झाल्यावर त्या माझ्याबरोबर पौडला आल्या. वकिलांनी सोपं करून सांगितलं. वय किती, महिन्याची कमाई किती आणि त्यातली किती गेली, यावर आकडा ठरतो. "बँकेतल्या साहेबांचा खांदा असाच मोडला तर त्यांची खुर्ची जात नाही. तुमचं अर्धं काम जातं. पण ते कागदावर हवं. कमाईचा पुरावा नसला तर कंपनी साध्या मजुराची मजुरी धरते."

मला सगळं रोख मिळायचं, कागद एक नाही. काकूंनीच बंगल्याच्या मालकांना गाठून माझ्या दराचं पत्र आणलं. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी सरकारी दवाखान्यात दोनदा रांगेत बसल्या. डॉक्टर म्हणाले, हात वर करा. मी सवयीनं दात खाऊन हात रेटायला लागलो, तर मागून काकू, "जेवढा जातुया तेवढाच! हितं काय बक्षीस न्हाई." डॉक्टरही हसले. जाराच्या दिवसाचं काकूंनी स्वतःच्या सहीनं प्रतिज्ञापत्र दिलं, तेही वकिलांकडून मराठीत लिहून घेऊन.

लोकअदालतीत कंपनीनं आकडा वाढवला. खांदा धरला, पण वकिलांनी मागितले तेवढे पैसे नाही. मी सही केली. थांबलो असतो तर जास्त मिळाले असते का, ही रुखरुख आहे. आता मी भिंतीचं काम घेत नाही, जमिनीचं बसून जमतं.

काकूंना पैसे देऊ केले, तर म्हणाल्या, "म्हशींकडं बघाया जाऊबाई व्हती. माझं काय गेलं?"

त्यांच्या गोठ्यातली जमीन उखडलीय, म्हशींचे पाय घसरतात. एक दिवस तिथं खडबडीत फरशी मी माझ्या हातानं बसवून देणार आहे. माल माझा, मजुरीही माझी. काकू, तोवर तुमचं एवढं माझ्यावर राहिलं.